सात नंबरच्या डब्यातला आवाज

रविवार, आठ जून. पहाटे चार वाजून बावन्न मिनिटं. ओकानागन नदीच्या तुटलेल्या वळणावर, सात नंबरच्या डब्यात, एक पुरुष मराठीत बोलला.

"हसू नकोस. माणूस पडला की हसायचं नसतं. घरी काही शिकवलं नाही का?"

एवढंच. त्याच्या आधी पाण्यात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज, मग पक्ष्याचं खदखदून हसणं, आणि मग हे वाक्य. त्यानंतर पुन्हा फक्त पाणी.

देवयानीने ते दुपारी तीन वाजता, ओसोयूस गावातल्या बेसमेंटमध्ये बसून ऐकलं. हेडफोन काढला. खोलीत कुणी नाही याची खात्री केली. मग पुन्हा लावला.

डबा म्हणजे झाडाला पट्ट्याने बांधलेला हिरवा रेकॉर्डर. असे बारा डबे तिने नदीकाठी लावले होते. ते रोज पहाटे चार ते सात आपापले ऐकत बसायचे. दर गुरुवारी आणि रविवारी ती त्यांतली मेमरी कार्डं बदलायची आणि घरी येऊन तेच तास पुन्हा ऐकायची. शोध होता एका पक्ष्याचा. नाव चॅट, पिवळ्या छातीचा. रानगुलाबाच्या काटेरी जाळीत राहतो, दिसत नाही. पण शिट्या मारतो, खोकतो, मांजरासारखा ओरडतो आणि म्हाताऱ्या माणसासारखा हसतो. कॅनडाच्या या भागात त्याच्या जोड्या मोजक्याच उरल्या आहेत. वळणावर एक जोडी घरटं करते आणि तिची पिल्लं उडतात, एवढं जुलैअखेर सिद्ध झालं की त्या वळणाला कुंपण आणि संरक्षण मिळणार होतं. देवयानीचं कंत्राटही तिथेच संपणार होतं.

कॅनडात वाळवंट आहे म्हटलं की टोरोंटोतली माणसंसुद्धा हसतात. पण आहे. वर्षाला जेमतेम बारा इंच पाऊस. निवडुंग, सेजच्या झुडपांचा कडवट वास, दगडाखाली खुळखुळणारे साप. आणि या सगळ्यातून दक्षिणेकडे, अमेरिकेच्या सीमेकडे जाणारी ही नदी. सत्तर वर्षांपूर्वी पुराच्या भीतीने माणसांनी तिला सरळ केलं. दोन्ही बाजूंना बांध घातले, वळणं तोडली. नदी कालव्यासारखी निघून गेली; वळणं मागे राहिली, वाळुंजांच्या आणि कॉटनवूडच्या सावलीत, न वाहणाऱ्या पाण्याची. सरळ नदीत फक्त पाणी होतं. बाकी सगळं जिवंत या वळणांत राहत होतं.

"काका, जरा हे ऐका."

बळवंतकाका तिचे घरमालक. वय ऐंशी. एकाहत्तर साली इंजिनिअर म्हणून आले, तीस वर्षं फ्रेंच बोलणाऱ्या लव्हाल शहरात काढली आणि बर्फ शोव्हल करून करून पाठ गेली तेव्हा या वाळवंटात येऊन राहिले. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"बों," ते म्हणाले. "मराठी आहे."

"ते मलाही कळलं."

"पुण्याचा नाही."

"कशावरून?"

"पुण्याचा माणूस पडला तर पक्ष्याला नाही, नदीला बोल लावेल. ऐक, या व्हॅलीत मराठी माणसं तीन. मी, तू आणि ती डेंटिस्ट अनन्या. अलोर, हा पुरुष आहे. आणि पहाटे मी तिथे नव्हतो. माझ्या गुडघ्यांना विचार."

सोमवारी सकाळी ती वळणावर गेली. चिखल ओला होता, पाटीसारखा स्वच्छ. त्यावर हरणाचे खूर होते, सापाची एक नागमोडी रेघ होती आणि तिच्या स्वतःच्या बुटांचे आदल्या दिवशीचे ठसे होते. दुसऱ्या कुणाचेही नव्हते. रानगुलाबाची जाळी कुठे मोडलेली नव्हती. पाण्यावर धुकं अगदी खाली बसलं होतं, आणि त्यात... कुणीतरी खोकलं.

तिने श्वास धरला. पुन्हा खोकला. मग मांजर. मग हसू. पक्षीच होता.

"फार शहाणा आहेस," ती कुजबुजली. आणि अंगावर आलेला काटा जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

डब्यावर तिने इंग्रजीत सूचना चिकटवली : रेकॉर्डिंग सुरू आहे, कृपया शांतता राखा. नियम साधा होता. माणसाचा आवाज आला की ते मिनिट बाद. मिनिटं फार बाद झाली तर वळण मोजणीतून बाद.

गुरुवारच्या कार्डावर, बुधवार पहाटे पाच दहाला, कुणीतरी ती सूचना अडखळत मोठ्याने वाचली. मग म्हणालं :

"ओके. सॉरी."

पाणी डुचमळलं.

"आता हे सॉरीपण रेकॉर्ड झालं का? ...मग सॉरीबद्दल सॉरी."

पक्षी हसला. बेसमेंटमध्ये देवयानीही हसली, आणि हसल्याचं लक्षात येताच गप्प झाली. सूचनेखाली तिने शाईने मराठीत लिहिलं, 'दोन्ही सॉरी पोचल्या. तिसरी नको. आपण कोण? चिखलात आपल्या पायांचे ठसे का नाहीत?'

रविवारी तिने ऐकलं : अकरा सेकंद नुसता श्वास.

"...मराठी?" आवाज एकदम खाली आला होता. "अहो, तुम्ही खरे आहात ना? खऱ्या? अक्षरावरून खऱ्या वाटता. पहाटे पाचला, या जंगलात, कागद मराठीत बोलायला लागला... मला घाम फुटलाय." पाणी हललं. "ठसे नाहीत, कारण मी पाण्यातून येतो. वळणात पट्टी उभी केलीय, पाण्याची उंची मोजायची. ती वाचायला. म्हणजे, पाणीपट्टी वसूल करायला."

आपण त्याला घाबरलो तसा तोही आपल्याला घाबरला, हे तिला फार आवडलं. का ते तिने नोंदवलं नाही.

त्या दिवसापासून बाद झालेली मिनिटं तिने पुसली नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. फोल्डरचं नाव 'बाद'.

*

चार दिवसांनी एक वाक्य यायचं, तीन दिवसांनी एक चिठ्ठी जायची. इतक्या सावकाश कुणी कुणाशी बोलत नाही आजकाल. तिने अट घातली : आठवड्याला दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त बोललात तर तक्रार करीन, आणि जाळीच्या जवळ यायचं नाही. तो घड्याळ लावून बोलायला लागला.

"नाव ओजस. कऱ्हाडचा. दोन नद्यांच्या काठी वाढलो आणि एका वळणात पडलो. चौदा सेकंद झाली. तुमचं नाव? सांगायचं नसेल तर चालेल, मी 'सात नंबर' म्हणेन."

'देवयानी. अकोल्याची. तुम्ही ज्याला ऊन म्हणता त्याला आमच्याकडे सकाळ म्हणतात.'

"काल तुमच्या डब्याखाली साप होता. मी त्याला सांगितलं, शांतता राखा, खाली सूचना आहे. देवयानीबाई, गुरुवारी पाय जपून टाका."

'बाई म्हणू नका. शाळा तपासायला आल्यासारखं वाटतं.'

"फोन नंबर मागितला तर तक्रार कराल?"

'हो.'

"बरं. बावीस सेकंद उरलीत, ती मी पुढच्या आठवड्याला देतो."

आणि सव्वीस जूनच्या कार्डावर, पाच वाजून तीन मिनिटांनी :

"तुझं... सॉरी, तुमचं पेन संपत आलंय. शेवटची अक्षरं फिकी आहेत."

हे तिने चार वेळा ऐकलं. ते 'तुझं' त्याच्या तोंडून सुटलं होतं आणि त्याने ते धावत जाऊन परत पकडलं होतं. पेन तिने नवीन घेतलं. निळं, जाड टोकाचं. लिहिलं, 'पेन बदललं. तुझं चालेल. मंगळवार, १ जुलै, सकाळी सहा, बांधावरचा लाकडी पूल. —देवयानी. ता. २६ जून.'

"आवाजाला भेटायला चाललीस?" बळवंतकाकांनी कॉफी ढवळत विचारलं.

"माणसाला."

"ते तिथे गेल्यावर कळेल."

ती पावणेसहालाच पोचली. कॅनडा डेची सुट्टी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुलाखालून सरळ नदी आवाज न करता चालली होती. पूर्वेला वळणाची जाळी, काळी, ओलसर. आणि त्या जाळीतून शिटी आली.

ती शिटी ती ओळखत होती. दोन सुरांची, दुसरा सूर थोडा पडलेला. कार्डांवर बोलायच्या आधी ओजस नेहमी तशीच मारायचा.

"ओजस?"

शिटी पुन्हा आली, जरा आतून. ती बांध उतरली. वीस पावलं गेली, तीस. शिटी आणखी आत सरकली. समोर फक्त काटे होते आणि काट्यांमागे स्थिर पाणी. पाण्यात आकाश होतं. माणूस नव्हता. शिटी आता तिच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर वाजली... आणि तिथेही कुणी नव्हतं.

मागे बांधावर गाडी थांबली. दार आपटलं.

"देवयानी?"

ती वळली. उंच, सावळा, उन्हाने नाक सोललेला एक मुलगा, छातीपर्यंत रबरी विजार, हातात दोन कागदी कप. कानाच्या पाळ्या लाल.

"तू... आत्ता आत शिटी वाजवलीस?"

"मी? मी आत्ता पेंटिक्टनहून येतोय. कॉफीसाठी पंधरा मिनिटं लायनीत होतो."

जाळीतून ती शिटी पुन्हा आली. दोन सूर, दुसरा पडलेला. दोघंही ऐकत राहिले.

"चोर," ओजस हळूच म्हणाला.

"शिकला तुझ्याकडून. आता तू नसलास तरी तू इथे असणार."

"हे चांगलं आहे की वाईट?"

"माझ्या डेटासाठी वाईट."

"आणि डेटा सोडून?"

तिने कॉफी घेतली आणि एक घोट प्यायली. कॉफीत साखर नको तेवढी होती. तो तिच्याकडे बघत होता, आणि ती बघायला लागली की नदीकडे बघत होता. पाच मिनिटं गेली.

"डब्यात जास्त बोलतोस तू," ती म्हणाली.

"डबा असा टक लावून बघत नाही."

*

पुढचे वीस दिवस नोंदवहीत नीट आहेत. फोन नंबर दोन जुलैला दिला गेला. तक्रार झाली नाही. सात जुलैला तिने त्याला दुर्बीण दिली आणि घरट्याकडे चोच भरून जाणारी मादी दाखवली. नऊ जुलैला दहा मिनिटं पाऊस पडला आणि त्या संध्याकाळी वाळूतून बेडूक वर आले. वर्षातला बराचसा काळ ते जमिनीखाली स्वतःला पुरून घेतात. शेकडो नरडी एकदम घोरायला लागली, पायाखालून, चारी बाजूंनी. जणू जमीनच झोपेत कण्हत होती. देवयानीने त्याची बाही धरली. ओजसने ते पाहिलं आणि तो हात जिथे होता तिथेच राहील अशा बेताने अजिबात हलला नाही. तेरा जुलैला चार पिल्लं घरट्याबाहेर आली. वळण वाचलं.

"आता तुझं काम संपलं," त्या दिवशी तो म्हणाला.

"अहवाल राहिलाय."

"सॅमन मासे ठाऊक आहेत ना? समुद्रातून येतात. जवळजवळ हजार किलोमीटर, नऊ धरणं ओलांडून. आणि इथे, अगदी दारात आल्यावर, तळ्यात थांबून राहतात. नदीचं पाणी गार होईपर्यंत. दोन दोन महिने."

"मग?"

"काही नाही. माशांबद्दल बोलतोय."

"मी मासा नाही, ओजस."

"नाहीस. मासे शेवटी वर येतात."

एकवीस जुलै, सोमवार. सकाळी सहा, तोच पूल. त्याला इथली कायमची नोकरी मिळाली होती. तिला टोरोंटोच्या एका बँकेने डेटाच्या नोकरीसाठी बोलावलं होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही बराच वेळ पाण्याच्या उंचीबद्दल बोलले.

"एक मीटर चार," तो म्हणाला. "देवयानी... बँकेला उत्तर देशील शुक्रवारी. मला कधी?"

"तुला कसलं?"

"हो किंवा नाही. राहशील का. इथे. माझ्या..." त्याने कठडा घट्ट धरला. "पुढचा शब्द तू घाल."

तिच्या मनात हो होतं. ओठांपर्यंतही आलं होतं. पण ती बाई पुराव्यावर जगणारी. आवाजाशी तिचं जमलं होतं. आवाज चार दिवसांनी यायचा, पुन्हा पुन्हा ऐकता यायचा, नको तेव्हा बंद करता यायचा. रोज समोर असणाऱ्या माणसाशी जमेल का, हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं असतं?

"गुरुवारी सांगते."

"कार्ड बदलायच्या दिवशी," तो हसला. पण ते हसू गाडीपर्यंत पोचलं नाही, हे तिने पाहिलं.

*

मंगळवार, बावीस जुलै. दुपारी एक चाळीस. पूर्वेच्या डोंगरावर पावसाविना कोरडी वीज पडली आणि रान पेटलं. संध्याकाळी सातला पूर्व काठ रिकामा करायचा आदेश निघाला. आठच्या सुमारास डोंगरावरचा मोबाईलचा टॉवर गेला. ओजसची खोली पूर्व काठावर, एका फळबागेत होती.

त्याचा फोन लागला नाही. शाळेच्या जिममध्ये बाहेर काढलेल्या माणसांची यादी होती. ती तिने दोनदा वाचली. त्याचं नाव नव्हतं. बागेचा मालक म्हणाला, पोरगा दुपारीच गाडी घेऊन गेला, नदीकडे की गावाकडे ते बघितलं नाही. त्याची कंपनी म्हणाली, आम्हीही शोधतोय.

बुधवारी आकाशातून राख पडत होती, हलकी, पांढरी, आवाज न करता. सूर्य तांब्याच्या पैशासारखा. बळवंतकाका खिडकीशी उभे होते.

"लव्हालमध्ये असा बर्फ पडला की आम्ही पोरांना शाळेला सुट्टी द्यायचो," ते म्हणाले. मग वळून, वेगळ्या आवाजात, "जेव काहीतरी. उपाशीपोटी वाट बघितली तर ती लांबते."

"काका, मी त्याला उत्तर दिलं नाही."

"देशील."

"तो असला तर."

काकांनी तिच्यापुढे वरणभाताची ताटली सरकवली आणि समोर बसून राहिले.

गुरुवार, चोवीस जुलै. वळण आदेशाच्या पट्ट्यात येत होतं, तरी कार्डं काढायला तिला वीस मिनिटांची परवानगी मिळाली. सोबत अग्निशमन दलाची एक बाई होती.

"मंगळवार संध्याकाळपासून या पट्ट्यात तूच पहिली," बाई वहीत नाव लिहिताना म्हणाली. "दुसरं कुणी आत गेलेलं नाही."

वळणावर पक्षी गप्प होते. पाण्यावर राखेची साय धरली होती, आणि त्या सायीत एक लांब, रुंद रेघ उघडी होती, चीर पडावी तशी. काहीतरी पाण्यातून गेलं होतं. हरीणही असेल.

तिने सात नंबरचा डबा उघडला. तिच्या हिशोबाने उन्हामुळे त्याच्या बॅटऱ्या रविवारनंतर टिकायला नको होत्या. डबा चालू होता. आत तिच्या काळ्या बॅटऱ्या नव्हत्या; पिवळ्या पट्ट्याच्या होत्या, ओजस आपल्या यंत्रांत घालायचा तशा. बॅटऱ्या काढल्या की या डब्याचं घड्याळ पुसलं जातं आणि एक जानेवारी दोन हजारच्या मध्यरात्रीपासून पुन्हा चालायला लागतं. पडद्यावर आता होतं : दोन जानेवारी, पहाटे तीन वाजून पाच. सत्तावीस तास, पाच मिनिटं. तिच्या मनगटावर आठ चाळीस. वजाबाकी सोपी होती. बुधवारी पहाटे पाच पस्तीसला कुणीतरी इथे उभं राहून बॅटऱ्या बदलल्या होत्या.

बुधवारी. आग लागून गेल्यावर. वहीप्रमाणे इथे कुणीच नसताना.

"सहा मिनिटं राहिली," बाई बांधावरून ओरडली.

देवयानीने नवं कार्ड घातलं, बटण दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोन महिन्यांत कधी केलं नव्हतं ते केलं. डब्याशी तोंड नेऊन ती बोलली.

"देवयानी बोलतेय. गुरुवार, चोवीस जुलै, सकाळी आठ बेचाळीस." तिने झाकणावर हात ठेवला. "उत्तर. मी राहते. इथे. तुझ्याजवळ. पुढचा शब्द... पुढचा शब्द 'घरी' असा घाल. आणि ओजस, कार्ड ऐकायची वाट बघू नकोस रे. ये."

मग धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने डोळे पुसले.

जुनं कार्ड तिने घरी, काकांसमोर ऐकलं. चालू केल्यावर डबा पहिली दहा मिनिटं आपोआप रेकॉर्ड करतो. झाकणाचा खटका. पाणी. खोकला, आणि हा पक्ष्याचा नव्हता. पक्ष्याला असा श्वास लागत नाही.

"देवयानी. ऐक." त्याचा आवाज धुराने खरवडलेला. "परवा सकाळी सहाला पुलापाशी मी तुला—"

आणि हेलिकॉप्टर. आगीवर पाणी टाकायला निघालेलं, अगदी डोक्यावरून. सतरा सेकंद नुसती घरघर. ती ओसरली तेव्हा त्याचे तीन शब्द उरले होते.

"—एवढंच सांगायचं होतं."

पाणी डुचमळलं. मग काही नाही.

तिने ते अकरा वेळा ऐकलं. घरघर गाळून पाहिली, कमी केली, आवाजाच्या रेघा पडद्यावर ताणून पाहिल्या. क्रियापद सापडलं नाही.

"परवा," बळवंतकाका म्हणाले. "बुधवारी म्हणाला ना? मग परवा म्हणजे शुक्रवार. उद्या."

"किंवा सोमवार." तिचे हात टेबलावर सपाट होते. "सोमवारी सहालाच, पुलापाशीच त्याने मला विचारलं होतं. 'परवा मी तुला विचारलं ते विसरून जा' असंही असेल. 'परवा मी तुला भेटतो' असंही असेल. दोन्हीला 'मी तुला'च लागतं, काका. वाक्य तिथपर्यंत एकच आहे."

काकांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं. सदऱ्याच्या टोकाने ते पुसलं.

"फ्रेंचमध्ये दोन वेगळे शब्द आहेत," ते म्हणाले. "मागच्याला अवाँतिएर, पुढच्याला आप्रेदमँ. तीस वर्षं बोललो, कधी घोटाळा झाला नाही. आपलाच शब्द असा... दोन्हीकडे तोंड असलेला." मग त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातलं. "आणि त्या बाईच्या वहीत तर तिथे कुणी गेलंच नाही म्हणतात?"

"कुणीच नाही."

"उद्या गाडी मी चालवतो," काका म्हणाले. "तू पुलाकडे बघ."

शुक्रवार, पंचवीस जुलै. पहाटे पाच चाळीस. पुलाच्या अलीकडच्या टोकाला केशरी अडथळे लावलेले, आणि त्यांच्यामागे पहाऱ्यावर एक तरुण, गळ्यात रेडिओ. पलीकडचा काठ धुरात बुडाला होता. पूल अर्ध्यापर्यंत दिसायचा, पुढे नव्हता. काका गाडीतच बसले.

पाच पन्नासला देवयानीने फोन काढला. या काठावर एक दांडी रेंज होती. टोरोंटोच्या बँकेला तिने तीन ओळी लिहिल्या. आभार मानले, नोकरी नको म्हणून कळवलं. अजून अकरा तास हातात होते. पण सहा वाजायच्या आत पाठवायचं होतं. आधी तो दिसला आणि मग ठरवलं, असं तिला नको होतं. पाठवलं.

सहा वाजले.

सहा पाच. धुरात काही हललं नाही.

"कुणाची वाट बघताय?" पहारेकऱ्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

सहा अकराला त्याच्या गळ्यातला रेडिओ खरखरला. पलीकडच्या काठावरची तुकडी बोलत होती. बांधाच्या रस्त्यावर एक माणूस दिसला, एकटा, गाडी नाही, छातीपर्यंत रबरी विजार. हाक मारली, थांबला नाही. धुरात गेला.

देवयानी अडथळ्याला टेकली. लोखंड गरम होतं.

"कुठल्या दिशेने?" ती म्हणाली. "विचारा त्यांना. पुलाकडे येतोय, की पुलाकडून जातोय?"

पहारेकऱ्याने बटण दाबून विचारलं. खरखर आली. त्याने पुन्हा विचारलं.

सहा तीसपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. देवयानी पुलापाशीच होती.